कोण पुढे, कोण मागे? आधी प्रश्न नीट मांडा

हिंगोली, खास प्रतिनिधी

हिंगोली जिल्हा साक्षरतेत महाराष्ट्राच्या मागे आहे काय? २०११ च्या जनगणनेचे आकडे समोर ठेवले तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते. जिल्ह्याची साक्षरता ७८.१७ टक्के, राज्याची ८२.३४ टक्के. म्हणजे जिल्हा चार टक्क्यांनी मागे. भाषणासाठी एवढे पुरेसे असते. परंतु हाच प्रश्न थोडा उलगडून विचारला की चित्र पालटू लागते. पुरुषांची तुलना पुरुषांशी केली तर जिल्हा सुमारे ८७ टक्क्यांवर आणि राज्य सुमारे ८८ टक्क्यांवर. अंतर जेमतेम एका टक्क्याचे. स्त्रियांची तुलना स्त्रियांशी केली तर जिल्हा सुमारे ६९ आणि राज्य सुमारे ७६. अंतर सात टक्क्यांचे. जिल्ह्याच्या पिछाडीचा जवळजवळ सगळा भार स्त्रियांच्या रकान्यात आहे, हे पहिल्या प्रश्नाने कळलेच नव्हते.

अजून एक पाऊल पुढे जाता येते. २०११ मध्ये राज्यातील सुमारे ४५ टक्के लोक शहरांत राहत होते. हिंगोली जिल्ह्यात हे प्रमाण अवघे १५ टक्के होते. मुंबई-पुण्यासह मोजलेल्या महाराष्ट्राशी एका ग्रामीण जिल्ह्याची तुलना करावी, की ग्रामीण महाराष्ट्राशी? ग्रामीण महाराष्ट्राची साक्षरता त्या वर्षी सुमारे ७७ टक्के होती. आता चार टक्क्यांची पिछाडी जवळपास दिसेनाशी होते. (हिंगोलीच्या ७८ टक्क्यांत जिल्ह्यातील लहान शहरेही धरलेली आहेत, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.) तीन प्रश्न, तीन उत्तरे, आकडे एकाच जनगणनेचे आणि तिन्ही उत्तरे खरी. प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग सुरू करायचे असतील तर दुसरा प्रश्न उपयोगाचा. खेड्यांतील शाळांचे काम कसे चालले आहे हे पाहायचे असेल तर तिसरा. पहिला प्रश्न नेमका कशासाठी विचारायचा, हे सांगणे अवघड आहे. तरीही सर्वाधिक वेळा विचारला जातो तो पहिलाच.

आकडेमोड येते, प्रश्न येत नाही

आपल्या शाळांत सांख्यिकी शिकवली जात नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. जोडस्तंभालेख प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतच भेटतो. नववीच्या गणित भाग १ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम सामग्री, विभाजित स्तंभालेख, वारंवारता सारणी, मध्य, मध्यक आणि बहुलक येतात. दहावीत वर्गीकृत सामग्रीवरून हेच सारे पुन्हा, शिवाय आयतालेख आणि वृत्तालेख. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव किंवा औंढा नागनाथ या पाचांपैकी कोणत्याही तालुक्यातील दहावीचा सराव केलेला विद्यार्थी मध्यकाचे सूत्र घडाघडा म्हणून दाखवील आणि उत्तरही बरोबर काढील.

मात्र उदाहरण जेथून सुरू होते तेथे सारणी आधीच तयार असते. ती कोणी केली, कोणाची माहिती घेतली, कोणती घ्यायची राहिली आणि मुळात हे सारे जाणून घ्यावेसे कोणाला व का वाटले, हा भाग पुस्तकाबाहेर राहतो. सांख्यिकीचे खरे काम याच बाहेर राहिलेल्या भागात सुरू होते, ही जाणीव जगभरच्या गणितशिक्षणात गेल्या पंचवीसेक वर्षांत पक्की झाली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे ख्रिस वाइल्ड आणि मॅक्सीन फॅनकूक यांनी १९९९ मध्ये सांख्यिकी शोधाचे एक चक्र मांडले: समस्या, नियोजन, सामग्री, विश्लेषण, निष्कर्ष. आपल्या परीक्षेत यांपैकी चौथ्या पायरीलाच बहुतेक गुण असतात. त्या देशात पिप अर्नोल्ड यांनी तर विद्यार्थी शोधप्रश्न कसे लिहितात आणि ते चांगले केव्हा होतात, या एकाच विषयावर २०१३ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. अमेरिकेतील सांख्यिकी संघटनेने शालेय शिक्षणासाठी केलेल्या मार्गदर्शक अहवालाचीही सुरुवात प्रश्न तयार करण्यापासूनच होते.

तुलनेचा प्रश्न हा या शोधप्रश्नांतला सर्वांत सोपा दिसणारा आणि म्हणूनच सर्वाधिक बिघडणारा प्रकार. दोन गट घ्यायचे, एक गोष्ट मोजायची, कोणाची जास्त ते सांगायचे. एवढ्यात चुकायचे काय?

'मुले' म्हणजे कोण?

कोणत्याही वर्गात तुलनेचा प्रश्न लिहायला सांगा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मुले उंच की मुली?' या चार शब्दांवर एक अख्खी तासिका खर्च करण्याजोगी आहे.

पहिली अडचण खास मराठीची. 'मुले' या शब्दाने आपण कधी मुलगे म्हणतो, तर कधी मुलगे आणि मुली दोन्ही. 'शाळेत मुले किती?' या प्रश्नात मुलीही येतात. 'मुले एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला' यात येत नाहीत. तेव्हा शोधप्रश्नात 'मुलगे' असेच लिहिण्याची सवय लावली पाहिजे. दुसरी अडचण अशी, की कोणते मुलगे आणि कोणत्या मुली? या वर्गातल्या, या शाळेतल्या, या तालुक्यातल्या, की साऱ्या भारतातल्या? ज्यांच्याविषयी आपल्याला बोलायचे आहे त्या सर्वांना सांख्यिकीत समष्टी म्हणतात, आणि ती प्रश्नातच नोंदलेली असावी लागते. तिसरी अडचण वयाची. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येतो. त्यामुळे सहावीच्या वर्गात मुली वरचढ दिसू शकतात आणि दहावीत चित्र नेमके उलटे असते. इयत्ता न लिहिता विचारलेल्या प्रश्नाला दोन्ही उत्तरे मिळतील आणि दोन्ही गट आपणच जिंकलो म्हणून टाळ्या वाजवतील.

चौथी अडचण सूक्ष्म आहे आणि शिकवायला सर्वांत कठीण. 'मुलगे मुलींपेक्षा उंच असतात का?' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रत्येक मुलगा प्रत्येक मुलीपेक्षा उंच आहे की काय, असा अर्थ येतो. मग वर्गातली एखादी उंच मुलगी उभी राहते आणि चर्चा तिथेच संपते. एका उदाहरणाने विधान खोडून काढण्याची ही पद्धत भूमितीत योग्य आहे. सांख्यिकीत ती चालत नाही. येथे तुलना व्यक्तीची व्यक्तीशी नसून गटाची गटाशी असते, आणि गट एकमेकांवर चढलेले असतात. म्हणून प्रश्नात 'सर्वसाधारणपणे' असा एखादा शब्द हवा. न्यूझीलंडचे शिक्षक इंग्रजीत जो शब्द या जागी आवर्जून घालायला लावतात, त्याचे काम मराठीत हा साधा शब्द उत्तम करतो.

एवढे सोसून प्रश्न असा होतो: 'हिंगोली तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीत शिकणाऱ्या मुलग्यांची उंची त्याच शाळांतील आठवीच्या मुलींच्या उंचीपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असते का?' वाक्य लांबले, हे खरे. पण आता कोणाला मोजायचे, काय मोजायचे आणि कोणाविषयी बोलता येईल, हे तिन्ही त्यात आले. कोणता गट वरचढ निघेल याविषयीचा अंदाजही आला. तो खोटा ठरला तरी बिघडत नाही.

उत्तर कसे ठरवायचे? दोन्ही गटांच्या सरासरी काढून ज्याची मोठी तो विजयी, अशी घाई बहुतेक वह्यांत दिसते. सरासरीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तर तो तालुक्याविषयी काही सांगतो, की नेमके कोणते विद्यार्थी निवडले गेले एवढ्यावरच अवलंबून आहे? सुमारे तीस-तीस जणांच्या नमुन्यांसाठी न्यूझीलंडच्या शाळांत एक व्यवहारी कसोटी वापरतात. फळ्यावर एकाखाली एक दोन रेषा ओढायच्या आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी खडूचा एक ठिपका द्यायचा. प्रत्येक गटाचा मध्यक शोधायचा, मधल्या निम्म्या ठिपक्यांभोवती चौकट काढायची. एका गटाचा मध्यक दुसऱ्या गटाच्या चौकटीबाहेर पडत असेल, म्हणजेच या गटातील निम्मे जण त्या गटातील तीन-चतुर्थांश जणांहून वरचढ असतील, तर फरक समष्टीतही असावा असे म्हणण्यास आधार आहे. चौकटीतच राहिला तर या नमुन्यावरून सांगता येत नाही, असे लिहावे. 'सांगता येत नाही' या उत्तराला पूर्ण गुण देण्याची तयारी मात्र शिक्षकाने ठेवली पाहिजे, आणि आपल्याकडे खरी अडचण तेथेच आहे.

अर्जावरचा प्रश्न वेगळा

प्रकल्प म्हटला की विद्यार्थी आधी प्रश्नावली तयार करतात. 'तुमच्या घरी नळ आहे का?', 'पाणी किती वेळा येते?', 'तुम्ही पाणी उकळून पिता का?' वीस-पंचवीस प्रश्न, घरोघर फिरून भरलेले कागद आणि शेवटी रंगीत वृत्तालेख. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी होणाऱ्या कितीतरी प्रकल्पांचा हाच साचा असतो. मेहनत खरी असते. मात्र या कागदांना नेमके काय विचारायचे आहे, हे कागद भरून झाल्यावर शोधले जाते.

लोकांना विचारायचा प्रश्न आणि जमा झालेल्या माहितीला विचारायचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत. 'तुमच्या घरातून पाणी आणायला दिवसाकाठी किती मिनिटे जातात?' हा पहिल्या जातीचा. तो माणसाला विचारतात, त्याचे उत्तर एक संख्या. 'उन्हाळ्यात आमच्या गावातील नळ नसलेल्या घरांना पाणी आणण्यासाठी लागणारा वेळ नळ असलेल्या घरांपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असतो का?' हा दुसऱ्या जातीचा. तो कोणा एकाला विचारून उपयोग नाही. दुसरा आधी ठरला तर पहिल्याची भाषा आपोआप नेमकी होते. वेळ मिनिटांत विचारायचा, की 'कमी, मध्यम, जास्त' अशा खुणा करायला लावायच्या, हे दुसऱ्या प्रश्नावरूनच कळते. नळ आहे पण मे महिन्यात त्याला पाणी नसते, अशा घराला कोणत्या गटात टाकायचे, हाही पेच मग फिरायला निघण्यापूर्वीच पुढे येतो. मराठवाड्यात हा पेच काल्पनिक नाही, हे वेगळे सांगायला नको.

वसमतची हळद आणि सांगलीची हळद

वसमतच्या विद्यार्थ्याने तुलनेसाठी हळद निवडली तर त्यात नवल नाही. 'आमची हळद चांगली की सांगलीची?' या प्रश्नामागे अभिमान आहे, आणि अभिमानातून निघालेला प्रश्न टाकून देऊ नये, तो घडवावा.

'चांगली' मोजता येत नाही. मग मुले भाव सुचवतात: क्विंटलला काय मिळाले? भाव मोजता येतो, बाजार समितीच्या नोंदीत मिळतो, म्हणून तो सोयीचा. पण सांगली ही हळदीची फार जुनी आणि मोठी पेठ. तेथे केवळ सांगली जिल्ह्यातील हळद येत नाही, कर्नाटक-तेलंगणाकडची येते, आणि मराठवाड्यातील शेतकरीही आपली हळद तेथे नेत आले आहेत. म्हणजे सांगलीच्या सौद्यात निघालेल्या भावात वसमतचाही माल असू शकतो. 'सांगलीची हळद' म्हणजे सांगलीत पिकलेली, की सांगलीत विकलेली? या एका प्रत्ययाचा उलगडा झाला नाही तर सारी तुलना फसते. शिवाय त्याच दिवसाचा भाव पाहायचा की साऱ्या हंगामाचा, गट्टू आणि कांडी वेगवेगळी धरायची की एकत्र, ओलावा किती?

भावाऐवजी कुरकुमिनचे प्रमाण घ्यावे, असेही कोणी सुचवील. पिवळेपणा आणि औषधी गुण ज्या द्रव्यामुळे सांगितले जातात ते हे द्रव्य. पण ते प्रयोगशाळेत तपासावे लागते आणि शाळेला ते परवडणारे नाही. अशा वेळी प्रश्न लहान करावा: 'यंदाच्या मार्च ते मे या काळात हिंगोलीच्या बाजार समितीत हळदकांडीला मिळालेला दररोजचा सरासरी भाव त्याच दिवसांच्या सांगलीच्या भावापेक्षा सर्वसाधारणपणे कमी होता का?' यात हळदीच्या गुणवत्तेविषयी एक अक्षर नाही. पण त्याचे उत्तर मिळू शकते, आणि माल कोठे न्यावा या विचारात पडलेल्या एखाद्या पालकाला ते उपयोगी पडू शकते. मोठ्या प्रश्नाचे न मिळणारे उत्तर आणि लहान प्रश्नाचे हाती येणारे उत्तर यांतून निवड करायला शिकणे, हाही अभ्यासच.

सायकल, एस.टी. आणि कारणाचा मोह

मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना शाळेत नेण्यासाठी एस.टी. बस धावतात, काही मुलींना सायकली मिळतात. साहजिकच एखादी विद्यार्थिनी विचारील: 'सायकलीने येणाऱ्या मुलींची हजेरी बसने येणाऱ्या मुलींपेक्षा जास्त असते का?' गट स्पष्ट, मोजायची गोष्ट स्पष्ट, हजेरीपट शाळेतच. काळ आणि शाळा लिहिली की प्रश्न निर्दोष झाला.

पण सायकलवाल्या मुलींची हजेरी जास्त निघाली, तर लगेच 'सायकलीमुळे हजेरी वाढते' असे फलकावर लिहिण्याचा मोह आवरला पाहिजे. बस लांबच्या गावाहून येते, सायकल जवळच्या. दोन गटांत वाहनाचा फरक आहे तसा अंतराचाही आहे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की कोणाची वाट बंद होते, याचाही आहे. तुलना 'किती' हे सांगते. 'कशामुळे' हे सांगण्यासाठी बाकी सारे समान असावे लागते. बाकी सारे समान ठेवणे किती कष्टाचे असते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात उभे राहत आहे. औंढा तालुक्यातील ज्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तो शेवटी एक तुलनाच करणार आहे: काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लांबीतील फरक. निर्वात नळ्या, टांगलेले आरसे, जमिनीच्या कंपनांपासून बचाव, ही सारी धडपड त्या एका फरकात दुसरे काही मिसळू नये म्हणून. शाळेला निर्वात नळ्या नकोत. तीन ते पाच किलोमीटर अंतरावरून येणाऱ्या मुलीच तेवढ्या दोन्ही गटांत घेतल्या तरी पुष्कळ झाले.

शेतकऱ्याचा प्रश्न आणि योजनेचा प्रश्न

हे सारे शाळेपुरते वाटत असेल तर पीक विम्याकडे पाहावे. पंतप्रधान पीक विमा योजनेत सोयाबीनसारख्या प्रमुख पिकाची भरपाई एका तुलनेवर ठरते. महसूल मंडळातील चालू हंगामाचे सरासरी उत्पादन त्या मंडळाच्या उंबरठा उत्पादनापेक्षा कमी आहे का, हा तो प्रश्न. मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला ठरलेल्या जोखीमस्तराने गुणले की उंबरठा निघतो. चालू हंगामाचे उत्पादन मंडळातील निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग करून काढतात. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाईसाठी मुख्य भिस्त याच प्रयोगांवर ठेवण्यात आली आहे.

'माझे सोयाबीन गेले, मग मला विमा का नाही?' असे विचारणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न खरा असतो, पण योजनेने तो विचारलेलाच नसतो. तो विचारतो व्यक्तीविषयी, योजना विचारते मंडळाविषयी. शेजारच्या दहा शेतांत पीक बरे आले असेल तर मंडळाची सरासरी उंबरठ्यावर राहते. उलट, सातांपैकी पाच चांगली वर्षे निवडण्याच्या नियमामुळे उंबरठा थोडा वर जातो आणि त्याचा लाभ शेतकऱ्याला होतो. सलग दुष्काळ पडले तर मात्र 'सर्वोत्तम' पाच वर्षांतही वाईट वर्षे येऊन बसतात आणि उंबरठाच खाली घसरतो. मराठवाड्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. आपल्या मंडळाचा उंबरठा किती, तो कोणत्या वर्षांवरून काढला आणि प्रयोग कोठे झाले, हे ग्रामसभेत विचारता यावे एवढी तयारी आठवी-नववीच्या सांख्यिकीतून होऊ शकते.

कापणीसाठी निवडलेला तुकडा किती मोठा असावा, यावरूनही या देशात मोठा वाद झाला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीचे नमुना-सर्वेक्षण शास्त्रशुद्ध पायावर उभे केले. कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. एका दिवसात अधिक शेते पाहता येतात, हा त्यांचा मुद्दा. सुखात्मे यांनी एक नेमका तुलनेचा प्रश्न विचारला: त्याच शेतांत लहान तुकड्यावरून काढलेले हेक्टरी उत्पादन मोठ्या तुकड्यावरून काढलेल्या उत्पादनापेक्षा जास्त येते का? येत होते. तुकडा लहान असला की कडेची रोपे आत धरली जातात, आणि क्षेत्राच्या मानाने कडेचा वाटा मोठा असल्याने उत्पादन फुगते. 'कोणती पद्धत चांगली?' असा प्रश्न विचारत बसले असते तर वाद आजही चालू राहिला असता.

अनुशेषाची मोजणी

मराठवाड्याच्या वाचकाला तुलनेचे महत्त्व पटवून द्यायला 'अनुशेष' हा एक शब्द पुरे. प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी १९८३ मध्ये राज्य सरकारने पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. अहवाल १९८४ मध्ये आला. समितीने 'मराठवाडा मागे आहे का?' हा प्रश्न बदलून 'कोणता जिल्हा, कोणत्या क्षेत्रात, राज्याच्या सरासरीच्या खाली आहे आणि किती?' असा केला. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रे घेतली. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. त्यातील ३९ टक्के विदर्भाचा, साधारण २४ टक्के मराठवाड्याचा आणि जवळपास ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचा.

हे शेवटचे प्रमाण पाहून विदर्भ-मराठवाड्यात नाराजी उमटली. गणितात चूक नव्हती. गट बदलले होते. विभागाची विभागाशी तुलना अपेक्षित होती आणि समितीने जिल्ह्याची राज्याशी केली. त्यामुळे पश्चिमेकडील मागास जिल्हेही यादीत आले. दोन्ही तुलनांना आपापले समर्थन आहे, पण एकीच्या उत्तरावर दुसरीच्या प्रश्नाचे भांडण केले तर ते मिटत नाही, आणि ते मिटलेही नाही.

याच अहवालातील दुसरी एक गोष्ट मात्र वर्गात फळ्यावर मांडण्याजोगी आहे. सिंचनाची तुलना करताना नुसते हेक्टर मोजले तर एका जिल्ह्यातला उसाचा हेक्टर आणि दुसऱ्यातला रब्बी ज्वारीचा हेक्टर सारखेच धरले जातात. उसाला पाणी कितीतरी पटींनी अधिक लागते. म्हणून समितीने सारे सिंचन रब्बी ज्वारीच्या समतुल्य एककात बदलून घेतले आणि मग तुलना केली. ज्वारीच्या प्रदेशातल्या मुलाला ही युक्ती सूत्रापेक्षा लवकर समजेल, असा आमचा अंदाज आहे.

दांडेकरांच्या तक्त्यांत हिंगोली शोधायला जाऊ नये. ती सापडणार नाही. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. या एका तारखेमुळे तुलनेचे कितीतरी प्रश्न बिघडतात, आणि विद्यार्थ्यांना देण्यासाठी याहून चांगला सराव नाही. १९९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख. २००१ मध्ये ती सुमारे १५ लाख २७ हजार. दहा वर्षांत सहा लाख माणसे गेली कोठे? अर्थात कोठेच नाही: २००१ च्या तक्त्यात ९ लाख ८७ हजार हिंगोलीच्या नावावर आहेत. जुन्या परभणीची तुलना दोन्ही जिल्ह्यांच्या बेरजेशी केली की लोकसंख्या २५ लाखांवर जाते आणि घट नाहीशी होऊन वाढ दिसते. नाव तेच राहते, गट बदलतो. साक्षरतेतही असाच सापळा आहे: १९७१ पर्यंतचे दर पाच वर्षांवरील लोकसंख्येचे, १९८१ पासूनचे सात वर्षांवरील.

पुढचा सापळा येऊ घातला आहे. २०११ नंतरची जनगणना लांबली आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जाहीर झाला. हिंगोलीची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात १९.२७ टक्क्यांनी वाढून ११ लाख ७७ हजारांवर गेली होती. नवे आकडे आले की वाढीची टक्केवारी तिच्याशी ताडून पाहिली जाईल. एक रकाना दहा वर्षांचा आणि दुसरा सोळा वर्षांचा असेल. आज आठवीत असलेल्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न आत्ताच लिहवून घेता येईल. वर्षाकाठची वाढ काढायची, हे त्यांतले निम्मे तरी सुचवतील. ती सरळ भागाकाराने काढायची की चक्रवाढीने, यावर वर्गात मतभेद होतील आणि त्यासाठी आणखी एक तासिका लागेल.